वीस पावलं मागं

आधीच सांगून टाकतो. मी चाळिशीला टेकलेला माणूस आहे आणि मी व्हिडिओ गेम खेळतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं हसण्यासारखं फार नाही.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी ड्रॉइंगं करतो. आठवड्याचे सहा दिवस कॉम्प्युटरवर साचे काढायचे आणि भट्टीवाल्यांच्या शिव्या खायच्या. लग्न झालेलं नाही. त्याची कारणं सांगत बसत नाही, तुम्हाला काय करायचंय? रविवारी रंकाळ्याच्या मागच्या माझ्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसून मी गोष्टीचे लांबलचक खेळ खेळतो. गाड्या पळवायचे किंवा धडाधड गोळ्या घालायचे नव्हेत. शंभर-सव्वाशे तास चालणारे, ज्यात माणसं सावकाश उभी राहतात. पहिले दहा तास तर काही घडतच नाही. मित्र म्हणतात, "तुला कटाळा कसा येत न्हाय रं?" आता त्यांना काय सांगायचं? तालमीत नवीन पोरगं घातलं की वस्ताद त्याला आधी नुसती माती उकरायला लावतो, कुस्ती नंतर. तसं आहे ते. सोबतचं एखादं पात्र सुरुवातीला तुमच्याकडं बघतसुद्धा नाही. मग तुम्ही कुणाशी कसं वागता, कुणाला काय उत्तर देता, हे सगळं ते लक्षात ठेवतं. पाचव्या तासाला सहज बोललेला शब्द साठाव्या तासाला तुमच्या तोंडावर आणून मारतं.

माझा एक नियम होता. खेळाचा सेव्ह, म्हणजे कुठवर आलो त्याची नोंद, एकच ठेवायचा. चुकलं की मागच्या सेव्हवर जायचं आणि दुसरं उत्तर द्यायचं, हा भित्रेपणा आपल्याकडं नाही. केलं ते केलं. ह्या नियमाचा मला भारी गर्व होता.

दोन वर्षांपूर्वी मी आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, आजऱ्याकडच्या आमच्या गावातनं इथं घेऊन आलो. त्यांचे गुडघे गेले होते आणि देवळाच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. आम्ही गुरव. गावदेवाची पूजा आमच्या घराकडं. आबांनी पन्नास वर्षं देव धुतला आणि पन्नास वर्षं लोकांना कौल लावून दिला. कुणाला काही ठरवायचं असलं, विहीर कुठं पाडावी, पोरगी कुठं द्यावी, की तो देवळात येतो. गुरव देवाच्या दगडाला उजवीकडं एक आणि डावीकडं एक अशा फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे गप्प बसून त्या पाकळ्यांकडं बघत राहतात. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही म्हणाला. त्यावर पुढं कुठं दाद मागता येत नाही.

मग पूजा आक्का करायला लागली. आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिचंही लग्न झालेलं नाही, आणि का झालं नाही ते अख्ख्या गावाला माहीत आहे, कारण ते देवानं ठरवलं. बावीस वर्षांपूर्वी आजऱ्यातल्या काजूच्या कारखान्यातला एक माणूस तिला आवडला होता. जात वेगळी. घरात रणकंदन झालं असतं, पण आक्काच म्हणाली, "भांडान नको. देवाला इचारा. देव म्हणंल ते मला कबूल." आबांनी सकाळी गावातल्या चार माणसांसमोर कौल लावला. मी तिथंच खांबाला टेकून उभा होतो. डावी पाकळी पडली. आक्का रडली नाही, काही नाही. डोक्यावरनं ओढणी घेऊन देवाच्या पाया पडली आणि त्या माणसाला स्वतः जाऊन नाही सांगून आली. पुढं आलेली स्थळंही तिनं एकेक करून परतवून लावली. बोलणं कमी कमी होत गेलं. मग काही विचारलं की "बरं" म्हणायची. काही दिलं तरी "बरं", नाही दिलं तरी "बरं". महिन्यातनं एकदा एसटीनं ती कोल्हापूरला यायची, आबांसाठी घनसाळ तांदूळ आणि भाकऱ्या घेऊन. आबांची नखं काढायची, औषधं मोजून डबीत भरायची आणि सकाळची पूजा चुकू नये म्हणून संध्याकाळच्या गाडीनं परत जायची.

तर आबा इथं आले आणि रविवारी माझ्या मागं कॉटवर बसून टीव्हीकडं बघायला लागले. पहिले दोन रविवार नुसती थट्टा. "एवढा घोडा झालास आन् भावल्या खेळतोयस व्हय?" तेव्हा मी नवीन खेळ सुरू केला होता. एक शिपाई गाव सोडून पळालेला असतो आणि पंधरा वर्षांनी घरी परत निघालेला असतो. तो शिपाई म्हणजे आपण. वाटेत सोबती भेटत जातात. त्यातली एक नावाड्याची मुलगी. बाप मेला, नाव फुटली, म्हणून ती आपल्याबरोबर निघते, पण आपल्यावर तिचा काडीचा विश्वास नसतो. ती वीस पावलं मागनं चालते. आपण थांबलो की ती थांबते. वळून बघितलं की दुसरीकडं बघते. पायात काही नाही. घाटाच्या फळ्यांवरनं चालताना तिच्या ओल्या पावलांचा आवाज मागनं येत राहतो, चप चप, चप चप.

"ही मागनं का चालतीया?" आबांनी विचारलं.

"विश्वास नाही तिचा."

"मग सांग की तिला, आमी चांगली माणसं हाय म्हणून."

"सांगून होत नाही, आबा. वेळ लागतो. तीस-चाळीस तास."

"आयला!" आबा म्हणाले आणि पाठीशी उशी घेऊन नीट बसले.

तिथनं पुढं तो खेळ आमचा दोघांचा झाला. खेळ इंग्रजीत, म्हणून कुठं उत्तर द्यायची वेळ आली की मी पर्याय मराठीत सांगायचो आणि आबा निवडायचे. आणि काय सांगू, म्हातारा चुकायचा नाही! पन्नास वर्षं लोकांची गाऱ्हाणी ऐकलेला माणूस तो. "तिला आत्ता बापाचं काय इचारू नगोस. पाणी दे नुसतं." मी पाणी दिलं की त्या मुलीचं अंतर दोन पावलांनी कमी झालेलं असायचं. पस्तीस तास झाले तेव्हा ती दहा पावलांवर आली. पन्नासाला पाचांवर. एका रविवारी वाटेतल्या मुक्कामावर ती आपण होऊन शेकोटीजवळ शेजारी येऊन बसली आणि बापाचं वल्हं कसं होतं ते सांगायला लागली. मी मागं वळून बघतो तर आबा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसतायत. मी लय चेष्टा केली त्यांची. पण खरं सांगतो, पुढचं बटण मीही लगेच दाबलं नाही.

मग ते बंदराचं गाव आलं. तिथं एक दोरखंड वळणारा माणूस होता. नावाड्याची मुलगी त्याच्या दुकानाशी थांबायची, त्याच्याशी हसून बोलायची. आणि तिसऱ्या दिवशी ती आपल्या शिपायासमोर येऊन उभी राहिली. मी वाचून दाखवलं, "ती विचारतेय, मी इथं ह्याच्यापाशी राहू का? तुम्ही म्हणाल तसं करीन." खाली दोन पर्याय. राहा. किंवा, माझ्याबरोबर चल.

"राहा म्हणूया," मी म्हणालो. एवढी चांगली झालेली पोरगी, तिचं भलं होऊ दे.

"थांब," आबा म्हणाले.

त्यांचा आवाज बदलला होता. ते भिंतीला धरून उठले आणि स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्याकडं गेले. गावाहून येताना देवळाच्या आवारातला तळहाताएवढा एक दगड ते फडक्यात बांधून घेऊन आले होते, तो तिथं होता. त्यांनी शेवंतीच्या दोन पाकळ्या ओल्या करून त्याला लावल्या आणि तोंडातल्या तोंडात गाऱ्हाणं घातलं. मला हसू यायला लागलं. खेळातल्या बाहुलीसाठी देवाला कौल! मी त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो. उजवी पाकळी सरकली, सुटणारच होती, आणि आबांनी तिच्यावर अंगठा टेकवला. सहज, धूळ पुसावी तसा. थोड्या वेळानं डावी पाकळी पडली.

"डावा आला," आबा म्हणाले. "तिला संगं घे."

"आबा, तुम्ही हात लावलात."

"हात लागला. डावाच आलाय."

मी हसलो आणि "माझ्याबरोबर चल" दाबलं. ह्याचा मला आजही राग येतो. माझाच.

ती आली. पण पुन्हा वीस पावलांवर गेली नाही. गेली असती तर बरं झालं असतं. आता ती अगदी पाठीला लागून चालायला लागली, एक पाऊलही सोडून नाही. पडद्याच्या कडेला तिचा खांदा कायम दिसायचा. काही सांगितलं की इंग्रजीत एकच शब्द बोलायची, आपल्या "बरं"सारखा. वाटेत मुक्काम पडला की बाकीचे झोपायचे आणि ती उभी असायची, आमच्या शिपायाकडं तोंड करून. लढाईत मात्र ती सगळ्यांत भारी झाली. सांगाल तो घाव घालायची, सांगाल तिथं उभी राहायची, हूं की चूं नाही. मी खूश! पात्र असं वळवलेलं मी आजवर बघितलं नव्हतं. फाउंड्रीत डबा खाताना सगळ्यांना सांगत सुटलो, लिहिणाऱ्याचे हात धरून नमस्कार करावा असं काम आहे, नाद खुळा. मागं घरी काय चाललंय इकडं माझं लक्षच नव्हतं.

आबा गप्प झाले होते. स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाताना मध्येच थांबून मागं वळून बघायचे. "मागं कोण हाय?" म्हणायचे. "कोण असणार? मी आहे," मी म्हणायचो. "तू म्होरं चाल," ते म्हणायचे. आरशाच्या कपाटाकडं पाठ करून बसेनात. एकदा सकाळी दाढी करता करता मला म्हणाले, "ती आज दाराशी हुती." मी विचारलं कोण, तर साबण धुवायला लागले.

आणि मग ते तास. सेव्हवर किती तास खेळ झाला ते लिहिलेलं असतं. मी एका रविवारी एकाहत्तरावर बंद केला. पुढच्या रविवारी उघडला तर चौऱ्याऐंशी. मला वाटलं, मशीन बिघडलं, म्हणून न खेळताच बंद केला. त्याच्या पुढच्या रविवारी एकशे एक. खेळ मात्र जिथं ठेवला होता तिथंच, त्याच नदीकाठच्या मुक्कामावर. एक लढाई नाही, एक पाऊल पुढं नाही. तीस तास कुणीतरी माझा खेळ चालू करून काहीही न करता बसलं होतं. आठवडाभर मी घरी नसतो. घरात आबांशिवाय कुणी नाही, आणि आबांना टीव्हीचा आवाज कमी-जास्त करायलाही मी लागतो. आबांना विचारलं तर म्हणाले, "मला काय ठावं?"

त्याच आठवड्यात लाइट गेली म्हणून फाउंड्रीनं दुपारीच सोडलं. आमच्या भागात लाइट होती. दाराला किल्ली लावली तर आतनं शेकोटीच्या लाकडांचा तडतड आवाज, आणि त्यात आबांचा आवाज. भर दुपारी पडदे ओढून घेतलेले. टीव्हीच्या पुढ्यात हातभर अंतरावर आबा स्टुलावर बसले होते, कंट्रोलर मांडीवर. कुठलं बटण काय करतं ते मी खेळताना बघून बघून त्यांनी पाठ केलं होतं. त्यांचा शिपाई त्या मुलीसमोर उभा होता. तिचा चेहरा पडदाभर. ती श्वास घेत होती, खांदे वर-खाली होत होते, बाकी काही हलत नव्हतं.

"बोल की बाय," आबा म्हणाले. "शिव्या घाल, पर बोल."

त्यांनी बटण दाबलं. ती तो एक शब्द बोलली. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तोच शब्द, त्याच आवाजात. पुन्हा दाबलं.

"मेण हुतं गं," आबा म्हणाले. "उजव्या पाकळीखाली मी मेण लावलं हुतं."

मी दारातच उभा. मला पहिल्यांदा वाटलं, परवाच्या त्या कौलाचं बोलतायत. पण त्या दिवशी मेण कुठलं? त्या दिवशी तर अंगठा होता. मग मला कळलं, ते कुणाशी बोलतायत. हातातली पिशवी खाली पडली आणि मी ओरडलो, "आबा! आक्काचा कौल?"

ते दचकले नाहीत. मागं कोण आहे हे त्यांना कधीचं ठाऊक असल्यासारखे वळले.

"गावानं देऊळ काढून घेतलं असतं," ते म्हणाले. "गुरवाची पोरगी दुसऱ्या जातीत. दारात कुणी उभं केलं नसतं. म्हणून म्हटलं, देवच न्हाय म्हणाला म्हंजे कुणाचा राग न्हाय, कुणाचा लोभ न्हाय."

"आणि ती देवावर विश्वास ठेवून बसली!"

"ऐक की. मेण लावलं हुतं, तरी ती पाकळी हालत हुती. मी जवळनं बघितलं. वारा नव्हता, काय नव्हतं. डावी पडेपतूर ती नुसती थरथरत हुती." आबांनी बोट हलवून दाखवलं. "देव व्हय म्हणत हुता, लेका. मी देवाच्या तोंडावर हात दाबून धरला."

मी त्यांना काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. वडलांना बोलू नये असं बरंच बोललो. ते ऐकत राहिले आणि शेवटी टीव्हीकडं बोट करून म्हणाले, "ह्यात मागं जाता येतंय का? त्या बंदरावर? तिला ऱ्हा म्हणायला?"

"नाही येत. सेव्ह एकच आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या त्या नियमाची लाज वाटली.

"मग आक्कीला सांगायचं," आबा म्हणाले. "मी मरायच्या आत. तिनं एकदा माफ केलं म्हंजे मी सुटलो."

इथनं पुढचे बारा दिवस आमचं घरात हेच भांडण. मी म्हणायचो, तोंड उघडायचं नाही. तुम्हाला सुटायचंय, पण तिचं काय? त्या एका पाकळीवर ती बावीस वर्षं उभी आहे. देवानं नको म्हटलं म्हणून तिनं सगळं सोसलं, आणि आता तिला सांगायचं की देव नव्हता, मेण होतं? रोज पहाटे तोच दगड ती आपल्या हातानं धुते. कोसळेल ती. आबा म्हणायचे, "माझ्यासंगं गेलं तर मग ते तिला कोण सांगनार?" रात्रंदिवस मला एकच भीती, की आक्काला कळलं तर ती त्या रिकाम्या देवळात एकटी काय करून घेईल.

आक्का आली. नेहमीसारखी दुपारच्या आधी, हातात तांदळाची पिशवी. मी चहा ठेवला. बाहेर येऊन बघतो तर आबांनी टीव्ही लावलेला. पडद्यावर तो नदीकाठ, तो शिपाई, आणि त्याच्या पाठीला लागून उभी ती. आक्का खुर्चीत बसून बघत होती. तिनं कधीच असलं काही बघितलं नव्हतं.

"ही कोण?" तिनं विचारलं.

"नावाड्याची पोर," आबा म्हणाले. "आधी लई बोलायची. आता बोलत न्हाय."

"का बोलत न्हाय?"

मी कप तिच्या हातात दिला आणि आबांकडं बघून मान हलवली, नको म्हणून. आबांनी माझ्याकडं बघितलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. मेण, पाकळी, चार माणसं, सगळं. पाकळी थरथरत होती तेही सांगितलं. सांगताना ते आक्काकडं बघत नव्हते, त्या पडद्यावरच्या मुलीकडं बघत होते.

आक्कानं चहाचा घोट घेतला.

"मला ठावं हाय, आबा," ती म्हणाली.

आबांनी मान वर केली.

"दुसऱ्या दिवशी तुमी उठला न्हाईसा, देव मीच धुतला की. उजवीकडं पाण्यानं निघंना. मग नखानं काढलं." तिनं स्वतःच्या नखाकडं बघितलं. "तवाच कळलं."

मी म्हणालो, "आक्का, मग तू बोलली का नाहीस? तो माणूस तेव्हा आजऱ्यातच होता की गं! वर्षभर होता!"

"काय बोलू? चार माणसांत आबांना खोटं पाडू? गाव थुकलं असतं त्यांच्या तोंडावर." ती सावकाश बोलत होती, पण थांबत नव्हती. इतकं सलग बोलताना मी तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "मला वाटलं, आबाच सांगतील. आज न्हाय तर उद्या. रोज ताट वाढून पाठीमागं उभी ऱ्हायची मी. वाटायचं, आज सांगतील. जेवून हात धुवायला उठले की म्हणायची, बरं, उद्या."

आबांचा चेहरा मी विसरू शकत नाही. पोरीनं विश्वास ठेवला, ह्याचं ओझं ते बावीस वर्षं वाहत होते. तिचा तो विश्वास एक दिवसही टिकला नव्हता. सगळं माहीत असलेली मुलगी रोज दोन वेळा त्यांच्या पाठीशी उभी राहून ते घास तोंडात घालताना बघत होती. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"माफ कर बाय."

"माफीचं ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाली. "तुमी सांगितलंसा, बास झालं. तेवढ्यासाठीच थांबले हुते."

आबा रडायला लागले. मीही. आम्हा दोघांना वाटलं, सुटलो. तिनं मोठं मन केलं आणि सगळं मिटलं. मी तर मनातनं देवाला हात जोडून मोकळा झालो. आक्का उठली, तिनं दोघांचे कप उचलून मोरीत ठेवले, हात पुसले आणि कनवटीची देवळाची किल्ली काढून आबांच्या मांडीवर ठेवली.

"सकाळच्या पूजेचं बघा कुणीतरी," ती म्हणाली. "मी आता जानार न्हाय तिथं."

"अगं खुळी का काय!" आबांचे हुंदके थांबले. "उद्या देव पारोसा ऱ्हाईल!"

"समदं ठावं असून मी धुतला की," आक्का म्हणाली. "आता कौल लावून बघा, कुणी धुवायचा ते."

ती चप्पल घालायला लागली. मी गाडीची किल्ली घेऊन तिच्या मागं धावलो. जिन्यात, गाडीवर, सिग्नलला, मी सारखा बोलत होतो. राग शांत होऊ दे, आज इथंच राहा, पुढच्या रविवारी बसून बोलू. ती मागं पिशवी धरून बसली होती. स्टँडवर आजऱ्याची गाडी लागलेली होती. कंडक्टरनं तिला ओळखलं, "मावशी, या, जागा हाय" म्हणून हाकही मारली. आक्का त्या गाडीसमोरनं पुढं गेली, आणि मिरजेची गाडी उभी होती तिच्यात चढली. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. पंचेचाळीस वर्षांची बाई, खांद्याला कापडी पिशवी, गावाबाहेर आजऱ्याशिवाय आणि माझ्या घराशिवाय कधी कुठं गेलेली नाही.

"मिरजेला कोण आहे आक्का?"

"कोन न्हाय," ती म्हणाली. "तिथनं रेल्वे मिळती."

"कुठली?"

"बघते जाऊन." आणि ती हसली. खरंच हसली. गाडी निघाली तरी ती खिडकीतनं पुढं बघत होती.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. टीव्ही बंद होता. आबा कॉटवर तसेच बसले होते, मुठीत किल्ली.

"बसली गाडीत?" त्यांनी विचारलं.

"बसली."

"आजऱ्याच्याच ना? राग आला तरी देवाला उपाशी ठेवायची न्हाय ती. आजऱ्याच्याच गाडीत बसली न्हवं?"

देवळाची किल्ली अजून त्यांच्याच मुठीत होती. मी त्यांच्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं.

"व्हय," मी म्हणालो.

"मग सकाळी देव धुतला जाईल," आबा म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.